एलएनजीवरची बोट: धूर गेला, पण गळतीचं काय?

इंजिनरूम (दांडिया बाजार, बडोदा)

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी सूरसागरच्या काठावर बसलो असताना विषय निघाला. माझा भाचा मरीन इंजिनिअरिंग संपवून पहिल्याच बोटीवर चाललाय आणि ती बोट एलएनजीवर, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालते. एक जण म्हणाला, "मग तर ग्रीन बोट! धूर नाही की प्रदूषण नाही." दुसरा म्हणाला, "ती सगळी गॅस विकणाऱ्यांची जाहिरात." मी २२ वर्षं बोटींवर काढली. पहिली १८ काळ्या तेलावर आणि शेवटची ४ गॅसवर. मला दोघांचंही अर्धंच पटलं. भाच्याला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण आपल्या बडोद्यातूनही मुलं बोटीवर जातात आणि घरच्यांना नेमकं काय चाललंय ते कळत नाही.

आधी काळं तेल. कोयलीची रिफायनरी सगळ्यांनी बाहेरून पाहिलीय. कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून झाल्यावर तळाशी जे उरतं, डांबराच्या सख्ख्या भावासारखं, ते बोटी जाळतात. थंड असताना ते धड वाहतसुद्धा नाही. टाकीत वाफेच्या कॉइलने कोमट ठेवायचं, प्युरिफायरमध्ये ९८ अंशांवर नेऊन त्यातलं पाणी आणि गाळ काढायचा, आणि इंजिनात सोडण्याआधी १३०-१४० अंशांपर्यंत तापवायचं. प्युरिफायर रूममध्ये वॉच असली की बॉयलर सूट घामाने अंगाला चिकटून बसायचा. प्युरिफायर उघडला की आतल्या चकत्या एकेक करून डिझेलमध्ये धुवायच्या. शंभराच्या वर चकत्या असतात, आणि प्रत्येकीवर काळा लेप. हातांच्या रेघांत बसलेलं ते काळं घरी आल्यावर आठ-आठ दिवस निघायचं नाही. आई पोळी वाढताना माझ्या बोटांकडे बघायची आणि काही बोलायची नाही. नाक शिंकरलं की रुमाल काळा. हे मी १८ वर्षं बघितलं.

त्यात गंधक. १ जानेवारी २०२० पर्यंत खुल्या समुद्रात साडेतीन टक्क्यांपर्यंत गंधक असलेलं तेल चालत होतं. त्या दिवसापासून आयएमओने, म्हणजे लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, ती मर्यादा ०.५० टक्क्यावर आणली. बाल्टिक, नॉर्थ सी, उत्तर अमेरिकेचा किनारा अशा काही भागांत तर २०१५ पासूनच ०.१० टक्का आहे. आता तुलना करा. आपल्या पंपावर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये ०.००१ टक्का गंधक असतं. म्हणजे नियम कडक झाल्यानंतरसुद्धा बोटीच्या तेलात रस्त्यावरच्या डिझेलच्या ५०० पट गंधक चालतं.

मग मालकांपुढे तीन रस्ते राहिले. कमी गंधकाचं महाग तेल घ्या, नाहीतर तेच तेल जाळून धूर स्क्रबरमध्ये पाण्याने धुवा, किंवा गॅसवर जा.

गॅसवरच्या पहिल्या बोटीवर साइन ऑन केलं तेव्हा मी सवयीने खिशात दोन जादा रुमाल घेतले होते. महिनाभराने लक्षात आलं की ते घडीचे तसेच आहेत. गॅस मोडवर इंजिन चालू असताना फनेलमधून, म्हणजे बोटीच्या धुराड्यातून, नुसती गरम हवेची थरथर दिसते. एलएनजीत गंधक जवळजवळ नसतंच, त्यामुळे सल्फर ऑक्साइड जातात, काजळी जवळजवळ पूर्ण जाते, आणि कमी दाबाच्या इंजिनात (म्हणजे ज्यात गॅस कमी दाबाने सोडतात त्या) नायट्रोजन ऑक्साइड ८०-८५ टक्क्यांनी घटतात. बंदराच्या काठी राहणाऱ्या माणसांसाठी आणि इंजिन रूममधल्या पोरांसाठी हा फायदा खरा आहे. यावर कुणी माझ्याशी वाद घालू नये. मी तो श्वासात घेतलाय.

पण दुसरी बाजू. शेवटच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये आम्ही एका बंदराबाहेर ११ दिवस नांगर टाकून उभे होतो. मेन इंजिन बंद, दोन जनरेटर चालू, तेही जेमतेम ३० टक्के लोडवर. एवढ्या कमी लोडवर गॅस नीट जळत नाही, न जळलेला मिथेन, म्हणजे हाच गॅस, एग्झॉस्टमधून तसाच वर जातो, आणि तो हवेला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त तापवतो. डोळ्यांना काही दिसत नाही, नाकाला वास येत नाही. चीफ इंजिनिअर आणि मी दोघांनी कंपनीच्या ऑफिसला लिहिलं की एक जनरेटर बंद करून दुसऱ्यावर लोड घेऊ द्या. आठ दिवस उत्तर नाही. त्या वर्षी त्याच कंपनीने "कार्बन २५ टक्के कमी" असं मोठ्या अक्षरांत छापलं. मिथेनचा आकडा कुठेच नव्हता. ते मला आजही लागतं.

माझं म्हणणं एवढंच: एलएनजीची बोट म्हटली की ती स्वच्छ आहे का, हा प्रश्न अपुरा आहे. इंजिन कुठल्या जातीचं आणि ते कुठल्या लोडवर चालवतात, हे विचारा. ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी जरूर भर घालावी.

रावपुरा_टॉवर

दादा, फार छान लिहिलंत. आमच्या स्वयंपाकघरात सासऱ्यांच्या काळापासून पाइपचा गॅस आहे. तो आणि हा एकच का? आणि एकच असेल तर वास नाही असं का म्हणता? आमच्याकडे नळी जरा सैल झाली तरी लगेच वास येतो.

इंजिनरूम

एकच हो ताई. दोन्हीकडे मुख्यतः मिथेनच. वास गॅसचा नसतो, तो मुद्दाम मिसळतात, गळती कळावी म्हणून. शहराच्या पाइपलाइनमध्ये सोडताना तो घालतात. बोटीवरच्या एलएनजीत तो नसतो, म्हणून तिथे सगळी भिस्त डिटेक्टरवर.

दहेजचं एलएनजी टर्मिनल २००४ मध्ये सुरू झालं, देशातलं पहिलं. कतारहून "दिशा" नावाची बोट पहिला माल घेऊन आली होती. तिथे उणे १६२ अंशांचा द्रव उतरवतात, तो तापवून पुन्हा वायू करतात आणि पाइपलाइनमध्ये सोडतात. इतका थंड करण्याचं कारण जागा. ६०० घनमीटर वायू थंड केला की १ घनमीटर द्रव होतो. तुमच्या रिक्षातला सीएनजी म्हणजे तोच वायू, फक्त दाबून भरलेला. त्याला जाड सिलिंडर लागतो आणि तरीही त्यात एवढा मावत नाही. समुद्र ओलांडायचा तर द्रवच हवा.

कालोल_वेल्डर

या विषयावर लिहिल्याबद्दल आभार. मी कालोलला क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रवाच्या, टाक्यांच्या कारखान्यात १४ वर्षं आहे. वाचणाऱ्यांना टाकी म्हणजे मोठा थर्मास एवढं सांगून भागत नाही, म्हणून जरा लिहितो.

साधं पोलाद एवढ्या थंडीत काचेसारखं होतं. हातोडा मारला तर तडकतं. म्हणून आतलं भांडं स्टेनलेसचं किंवा ९ टक्के निकेलच्या पोलादाचं. बाहेर दुसरं भांडं, मधल्या जागेत पर्लाइट (उष्णता अडवणारी भुकटी) भरायचं आणि हवा ओढून घ्यायची. एकेक जोड एक्स-रेखाली बघतात, आणि शेवटी हेलियमने गळती तपासतात. हेलियमचा कण इतका बारीक की जोडात केसाएवढी फट असली तरी यंत्र दाखवतं. एकदा अख्खी शिफ्ट एका नोझलपाशी बसून होतो. वेल्ड बाहेरून बघाल तर सुरेख, माझाच होता, पण यंत्राचा काटा हलत होता. तापवून, घासून, पुन्हा भरून पहाटे चार वाजता तो स्थिर झाला. त्या टाकीचा नंबर मला अजून पाठ आहे.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. थंड झाल्यावर स्टेनलेस आकसतं, मीटरमागे अडीच-तीन मिलिमीटर. २० मीटरची टाकी म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर. म्हणून बोटीवरच्या आडव्या टाकीचा एक पाया पक्का ठेवतात आणि दुसरा सरकता. दोन्ही घट्ट केले तर टाकी स्वतःलाच फाडेल. पहिल्यांदा एलएनजी भरताना म्हणूनच घाई करत नाहीत. आधी नायट्रोजनने हवा काढायची, मग गॅसने नायट्रोजन काढायचा, मग फवाऱ्याने थेंबाथेंबाने थंड करायचं.

इंजिनरूम

कालोल दादा, तुमचा तो सरकता पाया मी बोटीवर दर महिन्याला टॉर्च घेऊन बघायचो, की रंग साचून किंवा गंज धरून अडकला तर नाही ना. तो कुणी बनवला असेल असा विचार मनात येऊन जायचा.

प्रतापगंज_७

मी युनिव्हर्सिटीत पर्यावरण शिकते. इंजिनरूमकाकांनी गळतीचा मुद्दा मांडला ते फार बरं केलं, पण तो आकड्यांत मांडला पाहिजे. मी हिशोब करून दाखवते, कुणीही वहीत करून बघू शकेल.

१ किलो जड तेल (काकांचं काळं तेल) जळलं की ३.११४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि त्यातून ४०.२ मेगाज्यूल उष्णता मिळते. १ किलो एलएनजीतून २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ४८ मेगाज्यूल. म्हणजे एका मेगाज्यूलमागे तेलाचे ७७.५ ग्रॅम आणि गॅसचे ५७.३ ग्रॅम. २६ टक्के कमी. जाहिरातीत येतो तो आकडा हाच, आणि तो खोटा नाही. फक्त तो सगळा गॅस जळाला असं धरून काढलेला आहे.

आता युरोपच्या फ्युएलईयू या बोटींच्या इंधनाबद्दलच्या नियमात, जो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे, न जळता निसटणाऱ्या मिथेनचे ठरावीक आकडे दिलेत. कमी दाबाचं फोर-स्ट्रोक इंजिन असेल तर ३.१ टक्के, कमी दाबाचं टू-स्ट्रोक असेल तर १.७ टक्के, जास्त दाबाचं टू-स्ट्रोक असेल तर ०.२ टक्के. १०० वर्षांत हवा किती तापवतो या हिशोबाने १ किलो मिथेन म्हणजे सुमारे ३० किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, २० वर्षांच्या हिशोबाने सुमारे ८२.

३.१ टक्के निसटला तर १०० वर्षांच्या हिशोबाने गॅसचा आकडा ५७ वरून ७५ ग्रॅमवर जातो. तेलाचा ७७.५ होता. म्हणजे फायदा जवळजवळ संपला. २० वर्षांचा हिशोब केला तर १०८ ग्रॅम, तेलापेक्षा कितीतरी वाईट. १.७ टक्क्याच्या इंजिनात १०० वर्षांच्या हिशोबाने ६७, म्हणजे १४ टक्के कमी. पण २० वर्षांच्या हिशोबाने ८५, पुन्हा तेलाच्या वर. ०.२ टक्का असेल तर ५८.४, म्हणजे जवळजवळ सगळा फायदा शाबूत.

यात विहिरीपासून टर्मिनलपर्यंत होणारी गळती आणि गॅस थंड करायला लागणारी ऊर्जा धरलेली नाही. ती धरली तर सगळेच आकडे आणखी वर जातात. आयएमओच्या २०२० च्या चौथ्या अभ्यासात दिसलं की २०१२ ते २०१८ या सहा वर्षांत बोटींमधून निघणारा मिथेन सुमारे १५० टक्क्यांनी वाढला. जागतिक बँकेने २०२१ मध्ये स्पष्ट म्हटलं की बोटींच्या एलएनजीला नव्याने सरकारी पाठबळ देऊ नये. मला ते म्हणणं पटतं. आज बांधलेली बोट २५ वर्षं चालते.

इंजिनरूम

प्रतापगंज, तुझा हिशोब मी दोनदा तपासला, बरोबर आहे. मी चार वर्षं जे नुसतं जाणवत असल्यासारखं बोलत होतो ते तू पाच ओळींत मांडलंस. भाच्याला हे छापून देतो.

कलाभवन_जुने

मी कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, बरीच वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकवलं. एकाच गॅसवर चालणाऱ्या दोन इंजिनांत १५ पट फरक का पडतो, हे समजावून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं.

कमी दाबाच्या इंजिनात गॅस हवेबरोबर आधीच मिसळतात आणि मग ते मिश्रण दाबतात. मोटारीच्या पेट्रोल इंजिनासारखं, म्हणजे ऑटो चक्र. मिश्रण दाबलं की ते सिलिंडरच्या कानाकोपऱ्यांत शिरतं: पिस्टनच्या वरच्या कडेच्या आणि भिंतीच्या मधली फट, हेड गॅस्केटची खाच. ठिणगीचं काम डिझेलचा छोटासा फवारा करतो, पण ज्योत त्या फटींत पोचेपर्यंत विझते. तिथला मिथेन तसाच बाहेर. फोर-स्ट्रोकमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असतात, तेव्हाही थोडं मिश्रण सरळ निघून जातं. लोड कमी असला की मिश्रण पातळ होतं आणि ज्योत आणखीच लवकर विझते. इंजिनरूम यांनी नांगरावर जे पाहिलं त्याचं कारण हे.

जास्त दाबाच्या इंजिनात सिलिंडरमध्ये आधी नुसती हवा दाबतात आणि अगदी शेवटी सुमारे ३०० बारने गॅस आत सोडतात. तो आत येतो तोच पेट घेत. फटींत शिरायला त्याला वेळच मिळत नाही. डिझेल चक्र ते हेच. पण इथे ज्योत जास्त तापते, म्हणून नायट्रोजन ऑक्साइड पुरेसे घटत नाहीत. कडक नियमाच्या पाण्यात त्यांना एग्झॉस्टचा काही भाग परत आत फिरवावा लागतो किंवा उत्प्रेरक बसवावा लागतो. आणि ३०० बारचा पंप महाग, त्याची देखभालही अवघड. मालक स्वस्तात जाताना कुठलं इंजिन निवडेल हे मी सांगायला नको.

ओखामंडळ

जरा अवांतर, पण बडोदेकरांना आवडेल. आपल्याकडे समुद्र नाही असं आपण सहज म्हणतो, पण ओखा बंदर बडोदा संस्थानाने बांधलंय, १९२० च्या दशकात, सयाजीरावांच्या काळात. ओखामंडळ गायकवाडांचं होतं. बिलिमोऱ्याला गायकवाडी आरमार होतं. तेव्हा बोटीचं इंधन हा बडोद्याचा विषय आहेच.

खंबातच्या आखातातल्या भरती-ओहोटीबद्दलही लिहावंसं वाटतं. भावनगरच्या बाजूला दहा मीटरच्या वर पाणी चढतं-उतरतं. घोघा-दहेज फेरी २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा आम्ही हौसेने गेलो होतो. गाळाने ती चालेना, शेवटी २०२० मध्ये घोघा-हजिरा केली. अशा पाण्यात दहेजला एवढ्या मोठ्या बोटी नेमाने लागतात, याचं कौतुक वाटतं.

मी_मांजलपूरची

धागा पहिल्यापासून वाचतेय. माझा मुलगा पुढच्या आठवड्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून जातोय, तीही एलएनजीचीच बोट. हवामानाचं तुम्ही सगळे लिहिताय ते महत्त्वाचं आहे, पण आईच्या मनात एकच प्रश्न येतो. एवढा गॅस पोटात घेऊन चाललेली बोट फुटली तर? त्याला विचारलं तर तो "आई, काही नाही होत" एवढंच म्हणतो. इंजिनरूमभाऊ, खरं खरं सांगा.

इंजिनरूम

खरं सांगतो, वहिनी. द्रव एलएनजी स्वतः पेटत नाही आणि फुटतही नाही. त्याची वाफ हवेत ५ ते १५ टक्के असेल तरच पेटते. कमी असली तरी नाही, जास्त असली तरी नाही. टाकीत हवाच नसते. इंजिन रूममध्ये गॅसचा पाइप दुसऱ्या पाइपच्या आत असतो आणि मधल्या पोकळीतली हवा पंखा तासाला ३० वेळा बदलतो. पोकळीत जरा गॅस आला की पेटण्याइतका साचायच्या खूप आधी अलार्म होतो, व्हॉल्व्ह आपोआप बंद होतात आणि इंजिन तेलावर जातं. माझ्या चार वर्षांत असं तीनदा झालं. तिन्ही वेळा दिवा लागला, आवाज थोडा बदलला आणि बोट चालत राहिली. एलएनजी वाहून नेणाऱ्या बोटी १९५९ पासून आहेत. इंधन म्हणून एलएनजी वापरणारी पहिली फेरी नॉर्वेत २००० साली आली. २०१७ पासून आयजीएफ कोड, म्हणजे गॅससारख्या इंधनावर चालणाऱ्या बोटींची आयएमओची सुरक्षा नियमावली, लागू आहे, आणि त्याप्रमाणे प्रशिक्षण घेतल्याशिवाय तुमच्या मुलाला त्या बोटीवर काम देताच येत नाही.

धोका मुख्य आहे तो थंडीचा. बंकरिंगच्या, म्हणजे बोटीत इंधन भरण्याच्या, वेळी होजवर बोटभर पांढरं बर्फ चढतं. रात्री दिव्यांत ते फार सुंदर दिसतं, आणि नव्या पोरांना हात लावावासा वाटतो. लावायचा नाही. कातडी चिकटते आणि भाजल्यासारखी सोलते. द्रव डेकवर सांडला तर पोलाद तडकतं, म्हणून जोडाखाली स्टेनलेसचा ट्रे असतो आणि बोटीच्या कुशीवरून पाण्याचा पडदा सतत वाहता ठेवतात. मुलाला एवढंच सांगा: ग्लोव्हज, फेस शील्ड, आणि बंकरिंग चालू असताना मोबाइल केबिनमध्ये. आणि पांढरं धुकं जमिनीलगत सरकताना दिसलं तर वारा जिकडून येतो त्या बाजूला चालायला लागायचं, बघत उभं राहायचं नाही. गार असताना हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली पसरतो.

रात्री फोन आला नाही तर घाबरू नका. नेट नसतं, एवढंच.

मी_मांजलपूरची

खूप बरं वाटलं वाचून. ग्लोव्हजचं लिहून त्याच्या बॅगेत ठेवलंय.

अलकापुरी_ट्रेडर

पैशाची बाजू कुणी बोललं नाही. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये एलएनजीचे भाव एवढे भडकले की दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या कितीतरी बोटी मुकाट्याने तेलावर परत गेल्या. टाकी एलएनजीची, कागदावर बोट एलएनजीची, आणि जळतंय तेल. म्हणून बोट गॅसची आहे म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. वर्षात गॅसवर किती दिवस चालली ते विचारा.

शिवाय टाकीला जागा लागते. तेवढ्याच ऊर्जेला तेलाच्या जवळपास दुप्पट द्रव, आणि इन्सुलेशन, मोकळी जागा धरली तर तीन-चार पट. सीएमए सीजीएम या फ्रेंच कंपनीची "जाक सादे" ही २३,००० कंटेनरची बोट २०२० मध्ये आली, तिची टाकी १८,६०० घनमीटरची. तेवढ्या जागेतल्या कंटेनरचं भाडं मालक सोडतो. पण युरोपात २०२४ पासून बोटींना कार्बनचे पैसे भरावे लागतात, आणि २०२६ पासून त्यात मिथेनही धरलाय. गळतीला किंमत लागली की ऑफिसमधून उत्तर आठ दिवसांनी येणार नाही, त्याच दिवशी येईल.

राजवाडा_इंदूर

इंदूरहून नमस्कार. आमच्याकडे २०२२ च्या फेब्रुवारीत देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा प्लांट सुरू झाला. रोज ५५० टन ओला कचरा, आणि १७ टनांच्या आसपास गॅस. आमच्या घरच्या भाजीच्या देठांवर शहरातल्या बस चालतात, याचा आम्हाला अभिमान आहे. तोही मिथेनच ना? मग तो थंड करून बोटीत का घालू नये? जमिनीतला कार्बन वर काढायलाच नको.

इंजिनरूम

इंदूर, घालता येतो. टाकी, पाइप, इंजिन काहीही बदलावं लागत नाही, हीच गॅसच्या बोटीची जमेची बाजू. अडचण प्रमाणाची. माझी जुनी कंटेनर बोट दिवसाला ८० टन तेल जाळायची, म्हणजे साधारण ६७ टन एलएनजी. अख्ख्या इंदूरच्या एका दिवसाच्या ओल्या कचऱ्याचा गॅस तिला सहा तास पुरला असता. अशा बोटी जगात हजारो आहेत.

प्रतापगंज_७

आणि जैविक मिथेन निसटला तरी तो मिथेनच, हवेत गेल्यावर जवळपास तेवढाच तापवतो. इंजिनाचा प्रश्न तसाच राहतो. तो गॅस इंदूरच्या बसमध्येच जास्त चांगला वापरला जातोय असं मला वाटतं.

मेथॅनॉल आणि अमोनियाबद्दलही लोक विचारतील. मेथॅनॉल साध्या टाकीत राहतं, गळलं तरी मिथेनसारखं तापवत नाही, पण हरित मेथॅनॉल अजून फार थोडं मिळतं. अमोनियात कार्बन नाहीच, पण तो विषारी आहे, आणि इंजिन रूममधल्या माणसांचा विचार केला की मला भीती वाटते.

कलाभवन_जुने

अमोनियाबद्दल पूर्ण सहमत. त्याच्या गळतीत माणसाला दुसरी संधी मिळत नाही.

कालोल_वेल्डर

मला एक वाटतं. आज लोक जी थंडीची कामं शिकतायत, वेल्डिंग, व्हॅक्यूम, गळती तपासणी, ती वाया जाणार नाहीत. हायड्रोजन द्रवरूप करायचा तर उणे २५३ लागतं, म्हणजे हेच काम आणखी बारकाईने. माझ्या हाताखाली गोध्रा आणि हालोलची पोरं आहेत. त्यांच्यासाठी तरी हा गॅस आला हे चांगलंच झालं.

मी_मांजलपूरची (पाच आठवड्यांनी)

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. मुलगा पोचला. सिंगापूरला पहिलं बंकरिंग रात्री झालं, होजवरच्या बर्फाचा फोटो पाठवलाय. काढलाय मात्र वरच्या डेकवरून, लांबून.

तुमचा धागा मी त्याला पाठवला होता. त्याने लिहिलंय की मेन इंजिन कमी दाबाचं टू-स्ट्रोक आहे, म्हणजे प्रतापगंजच्या हिशोबातलं मधलं. सध्या बोट नांगरावर आहे आणि दोन जनरेटर चालू आहेत, दोन्ही ३५ टक्क्यांवर. त्याला तुमची ११ दिवसांची गोष्ट आठवली. पण नवीन आहे, सेकंड इंजिनिअरला कसं विचारावं कळत नाही म्हणाला.

इंजिनरूम

वहिनी, त्याला सांगा, तक्रार म्हणून विचारू नको, शिकायचंय म्हणून विचार. "सर, आत्ता रीफर कंटेनर (फ्रिजसारखे, विजेवर थंड ठेवायचे) किती लागलेत? एकावर ७० टक्के लोड घेऊन दुसरा स्टँडबायला ठेवता येईल का?" दोन जनरेटर चालू ठेवायला कधीकधी खरं कारण असतं. अरुंद पाण्यात, किंवा नांगर घसरायची भीती असेल तर एकावर राहणं धोक्याचं, ब्लॅकआउट झाला तर बोट हातची जाते. हवा शांत असेल आणि नांगर पक्का असेल तर मग कारण शोधायला हवं. दोन्ही जनरेटरचे एग्झॉस्टचे तापमान आणि लोड दर वॉचला लॉगबुकात लिहितातच. गेल्या चार दिवसांचे आकडे त्याने वहीत उतरवून घ्यावेत आणि ते घेऊन सेकंडकडे जावं. आकडे हातात असले की सेकंड ऐकून घेतो.

काय उत्तर मिळतं ते इथे कळवा.

मी_मांजलपूरची

कळवलं त्याला. म्हणाला, रीफर १४०, हवा शांत, आज रात्रीच्या वॉचला विचारतो.